अँटी टीपीओ ६४० आलंय, डॉक्टर म्हणाले हाशिमोटो... हे कशामुळे होतं आणि पुढे काय काय होतं?

अबोली_निफाड

नमस्कार सगळ्यांना. बरेच दिवस इथे नुसती वाचतेय, आज पहिल्यांदा लिहितेय कारण डोकं भणाणलंय आणि घरात नीट विचारावं असं कुणी नाही.

माझं वय ३३, दोन मुलं, मोठी ७ वर्षांची आणि धाकटा आता ९ महिन्यांचा. बाळंतपणानंतर तीनेक महिन्यांनी मला छातीत खूप धडधडायचं, घाम यायचा, बाळ झोपलं तरी मला झोप नाही, वजन भराभर उतरलं. सासूबाई म्हणाल्या अंगावर पाजतेस म्हणून अशक्तपणा आलाय, डिंकाचे लाडू खा, मलापण तेच वाटलं, कुणाला दाखवलंच नाही. मग ते आपोआप थांबलं. आणि आता गेले दोन महिने सगळं उलटं. सकाळी अंथरुणातून उठवत नाही, भर दुपारी घरातले पंखा लावून बसतात आणि मी स्वेटर घालून, पोट साफ होत नाही, न्हाणीघराच्या जाळीवर रोज केसांचा गुंता. ज्या काचेच्या बांगड्या मी कासारणीकडून सहज भरून घेतल्या होत्या त्या आता साबण लावूनही हातातून निघत नाहीत. परवा गॅसवर दूध ठेवलं आणि मुलीला शाळेच्या गाडीत बसवायला निघून गेले, परत आले तर पातेलं काळं ठिक्कर आणि घरभर धूर, बाळ आत पाळण्यात. त्या दिवशी खूप रडले आणि दुसऱ्या दिवशी रक्त दिलं.

रिपोर्ट असा आहे, टीएसएच १४.२ (वाढलेला, म्हणजे थायरॉइड कमी पडतोय), फ्री टी फोर (थायरॉइडचं हार्मोन) खालच्या रेघेच्या थोडंसं खाली, अँटी टीपीओ ६४०. डॉक्टरांनी बघितलं आणि म्हणाले हाशिमोटो आहे, तुमचीच प्रतिकारशक्ती तुमच्या थायरॉइडवर उलटलीय, थायरॉक्सिनची ५० ची गोळी रोज, आयुष्यभर. मी पुढचं विचारेपर्यंत दुसरा पेशंट खुर्चीत बसलापण.

आता मला एवढंच कळत नाहीये की हे झालं कशाने. माझ्या आईला थायरॉइड आहे, मावशीला अंगावर कोड आहे. गरोदर असताना माझे वडील गेले, तो धक्का असेल का. आमचं घर द्राक्षबागेला लागून, सीझनला दिवसाआड फवारणी असते. जाऊबाई म्हणतात आयोडीनच्या मिठाने सगळ्यांना थायरॉइड झालाय, सैंधव सुरू कर आणि कोबी फ्लॉवर सोयाबीन बंद, शेजारच्या काकू रोज सकाळी धण्याचं पाणी आणून देतात. आणि हे ६४० कमी कसं करायचं? गोळी घेऊन बाळाला पाजलं तर चालतं का? माझ्या मुलीला होणार का? मी काही चुकीचं खाल्लं प्यायलं म्हणून झालं असेल तर तेपण सांगा, मला राग येणार नाही.


सुमनमावशी_सांगली

अबोली बाळा, आधी ते दुधाचं पातेलं मनातून काढून टाक. थायरॉइड खाली गेला की विसरायला होतं, लक्ष लागत नाही, हा त्या आजाराचाच भाग आहे, तू निष्काळजी आई म्हणून नाही झालं ते.

मला १९ वर्षं झाली हाशिमोटोला. मी शाळेत शिकवायचे. माझं सुरू झालं ते आवाजापासून, वर्गात कविता म्हणून दाखवताना आवाज घोगरा लागायला लागला, फोनवर लोक मला दादा म्हणायचे. घशाच्या डॉक्टरांकडे गेले, औषधं झाली. मग मनगटापासून बोटांपर्यंत मुंग्या, खडू हातातून पडायचा, तेव्हा हाडांच्या डॉक्टरांनी पट्टा दिला. पाळी पंधरा पंधरा दिवस जायची, हिमोग्लोबिन ८ वर आलं, तर डॉक्टरबाईंनी लोहाच्या गोळ्या दिल्या. कोलेस्टेरॉल वाढलं म्हणून तेल तूप बंद. म्हणजे बघ, चार ठिकाणी चार आजार म्हणून उपचार चालले होते आणि मूळ एकच. शेवटी आमच्या गल्लीतल्या जुन्या डॉक्टरांनी माझा चेहरा बघितला, भुवयांची बाहेरची टोकं विरळ झालेली बघितली, गुडघ्यावर हातोडी मारून बघितली तर पाय हलायचा पण परत खाली यायला वेळ लावायचा, आणि म्हणाले बाई उद्या उपाशीपोटी रक्त द्या. टीएसएच शंभराच्या वर निघालं.

हे लांबण लावून सांगतेय कारण तू विचारलंस पुढे काय काय होतं. थायरॉइडचं हार्मोन अंगातल्या सगळ्या भट्ट्यांना लागणारं सरपण आहे, ते कमी पडलं की एक एक चूल मंद होते, आतडं मंद, हृदय मंद, कातडी कोरडी, मन खचलेलं. मला ते मन खचण्याचं फार झालं होतं आणि त्याबद्दल मी कुणालाच बोलले नाही. तुला तसं होत असेल तर नवऱ्याला स्पष्ट सांग, डॉक्टरांनापण सांग.

दुसरं म्हणजे माझ्यासारखं करू नकोस. पाचव्या वर्षी बरं वाटायला लागलं म्हणून मी गोळी सोडली, कुणीतरी एक काढा दिला होता, सात महिने तोच घेतला. तोंड सुजलं, जिने चढताना दम, नाडी ४८, सोनोग्राफीत हृदयाभोवती पाणी दिसलं. गोळी परत सुरू केल्यावर ते पाणी हळूहळू गेलं पण ते महिने माझ्या घरच्यांनी कसे काढले ते मला माहिती.

गोळीचं आता असं करते, बाटली उशाशी, पहाटे पाचला जाग येते तेव्हा साध्या पाण्याबरोबर घेते आणि परत पडते, चहा सहाला. चहा कॉफी दूध लगेच घेतलं तर गोळी अंगी लागत नाही, अर्धा तास तरी पाहिजेच, तास असेल तर उत्तम. कॅल्शियम आणि लोहाची गोळी चार तास लांब, बाळंतपणानंतर तुला त्या चालू असतीलच म्हणून मुद्दाम सांगतेय. आणि बाटली गॅसजवळ नाही ठेवायची, ऊन आणि ओल दोन्ही तिला सोसत नाही.


लॅबमधला_कोल्हापूर

मी पॅथॉलॉजी लॅबला आहे, १४ वर्षं झाली, रोज शेपाचशे टीएसएच डोळ्याखालून जातात. डॉक्टर नाही हे आधीच सांगतो, पण तुमच्या त्या ६४० बद्दल बोलायचंय कारण काउंटरवर निम्मे लोक तेच विचारतात.

टीपीओ हे थायरॉइडच्या पेशींमधलं एक एन्झाइम आहे, ते आयोडीन पकडून हार्मोन तयार करायला लागतं. त्याच्याविरुद्ध शरीराने अँटीबॉडी बनवल्या की ती अँटी टीपीओ. पण ग्रंथीची खरी नासधूस बहुतेक पांढऱ्या पेशी करतात, त्या ग्रंथीत घुसतात, अँटीबॉडी ही त्या भांडणाची खूण. १९१२ साली हाकारू हाशिमोटो नावाच्या जपानी सर्जनने चार बायकांच्या काढलेल्या ग्रंथी सूक्ष्मदर्शकाखाली बघितल्या तेव्हा त्याला हेच दिसलं, ग्रंथीत पांढऱ्या पेशींची गर्दी, जर्मन मासिकात त्याने ते छापलं. असं का होतं हे त्याला कळायला वाव नव्हता, ते कळलं १९५६ साली, लंडनमध्ये अशा पेशंटांच्या रक्तात थायरॉइडविरुद्धच्या अँटीबॉडी सापडल्या आणि अमेरिकेत बफेलोला सशांना सशाच्याच थायरॉइडचा अर्क टोचून तोच आजार करून दाखवला. त्याआधी शरीर स्वतःवरच हल्ला करेल हे बहुतेक शास्त्रज्ञांना पटत नव्हतं.

तर ६४० म्हणजे आजार सहाशे चाळीस पट असं काही नाही. कुणाचं १३०० असतं आणि टीएसएच वर्षानुवर्षं चांगला, कुणाचं ९० असतं आणि ग्रंथी पार सुकलेली. एकदा पॉझिटिव्ह आलं की कारण कळलं, काम झालं, दर तीन महिन्यांनी ती टेस्ट परत करायचं कारण नाही, माझ्या लॅबचा धंदा कमी झाला तरी हेच सांगेन. टीएसएच बघत राहायचा, तो मेंदूकडून ग्रंथीला येणारा हुकूम, ग्रंथी कमी पडली की तो वाढतो. आणि तुम्ही एकट्या नाही आहात, २०१३ साली आठ शहरांतल्या पाच हजारांवर प्रौढ लोकांचा अभ्यास छापून आला, त्यात मुंबई आणि गोवापण होतं, जवळजवळ ११ टक्के लोकांना थायरॉइड कमी निघाला आणि अँटी टीपीओ पॉझिटिव्ह जवळपास २२ टक्के. म्हणजे पाचात एक. त्यातल्या बऱ्याच जणांना काहीच होत नव्हतं.

कारण म्हणाल तर एक बोट दाखवता येत नाही. आनुवंशिकता मोठी आहे, तुमची आई आणि मावशी दोघी त्याच रांगेतल्या, कोड हापण प्रतिकारशक्तीचाच आजार. पण एकसारख्या जुळ्यांमध्ये एकीला असलं तरी दुसरीला दर वेळी होतंच असं नाही, म्हणजे जीन्सवर सगळं नाही. बाईचं शरीर असणं हे दुसरं, पुरुषांपेक्षा कितीतरी पट बायकांना होतो. मग त्यावर ठिणगी कुठून पडते, बाळंतपण, आयोडीन जास्त होणं, काही औषधं, हृदयाच्या ठोक्यांसाठीचं अमियोडॅरोन, मनाच्या आजाराचं लिथियम, कॅन्सरची नवी इम्युनोथेरपी.

फवारणीबद्दल. अमेरिकेत शेतकरी कुटुंबांचा मोठा अभ्यास चालू आहे, त्यात मॅन्कोझेबच्या गटातल्या बुरशीनाशकांचा वापर आणि बायकांमधले थायरॉइडचे आजार यांचा संबंध दिसलाय. मॅन्कोझेब तुमच्याकडे द्राक्षावरच्या डाऊनी रोगावर मारतात हे मला माहिती आहे, मामाची बाग तासगावला आहे. शरीरात त्याचं जे पुढचं रसायन होतं ते याच टीपीओ एन्झाइमला अडवतं हेपण खरं. पण त्यावरून तुमचा हाशिमोटो फवारणीने झाला असं म्हणता येत नाही, तुमचं घरचं दुखणं आणि बाळंतपण ही दोन कारणं समोर दिसताहेत. तरी फवारणी चालू असताना बाळाला घेऊन अंगणात बसू नका, वाळत घातलेले कपडे आत घ्या, फवारणीचे कपडे घरच्या कपड्यांत धुऊ नका.

अजून एक, केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर रक्त देण्याआधी दोनतीन दिवस बंद ठेवा. काही मशीनवर त्याने टीएसएच खोटा कमी आणि टी फोर खोटा जास्त येतो, मग डोस उगाच कमी होतो. केस गळायला लागले की प्रत्येकीला कुणीतरी बायोटिन देतंच म्हणून हे सांगतोय.


अबोली_निफाड

मावशी, दादा, तुमचं वाचताना डोळ्यात पाणी आलं. बायोटिन चालू आहे, पार्लरवालीने दिलं होतं! ती गोळी रक्त देण्याच्या आदल्या दिवशीपण घेतली होती, आता काय करू? आणि मिठाचं राहिलं, जाऊबाईंनी सैंधवाची अर्धा किलोची पिशवी आणून ठेवलीय, स्वयंपाक त्या करतात त्यामुळे परवापासून सगळ्या घराला तेच चालू आहे.


लॅबमधला_कोल्हापूर

तुमचा टीएसएच वाढलेला आलाय, बायोटिनने तो खोटा कमी येऊ शकतो, वाढत नाही, त्यामुळे आजार आहे यात शंका नाही. पुढच्या वेळेपासून बंद ठेवा एवढंच, आणि डॉक्टरांना सांगून ठेवा.

मिठाचं मात्र नीट ऐका. आपल्याकडे १९६२ साली गलगंडाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. त्याआधी हिमाचलच्या कांगडा खोऱ्यात डॉ. रामलिंगस्वामींनी गावंच्या गावं वाटून काहींना आयोडीनचं मीठ आणि काहींना साधं मीठ देऊन दाखवलं होतं की गलगंड आयोडीनने उतरतो. तिथे गळ्याला नारळाएवढी गाठ असलेली माणसं होती आणि पोरं मुकी बहिरी, मंदबुद्धीची जन्मायची. २००६ पासून खायला विकायचं मीठ आयोडीनचंच पाहिजे असा देशभर नियम आहे. आता जाऊबाईंच्या बोलण्यात थोडं तथ्य आहे ते असं की जिथे आयोडीन कमी होतं तिथे ते वाढवलं की ऑटोइम्यून, म्हणजे प्रतिकारशक्ती उलटून होणाऱ्या, थायरॉइडचं प्रमाण थोडं वाढतं, डेन्मार्कमध्ये २००० साली मिठात आयोडीन सक्तीचं केल्यावर त्यांना हे दिसलं. पण त्यांनी मीठ बंद केलं नाही, कारण न देण्याचं नुकसान फार मोठं आहे. आणि तुम्ही अंगावर पाजताय. साध्या माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागतं, पाजणाऱ्या आईला २५०, कारण बाळाला ते बरंचसं तुमच्या दुधातून मिळतं. बाजारातल्या सैंधवात बहुतेक वेळा आयोडीन घातलेलं नसतं. म्हणून साधं आयोडीनचं मीठ, झाकणाच्या बरणीत, चुलीपासून लांब, भाजी शिजत आल्यावर घातलेलं. समुद्री शेवाळाच्या गोळ्या, आयोडीनचे थेंब असलं वरून काही घेऊ नका, त्याने खरंच बिघडतं.

कोबी फ्लॉवर शिजवून खा, बिनधास्त. कच्च्या कोबीचा रस रोज लोटाभर कुणी पीत असेल तर गोष्ट वेगळी. सोयाबीनने गोळी शोषली जायला अडथळा येतो म्हणून गोळीच्या जवळपास नको एवढंच. धण्याचं पाणी प्या, पण गोळीनंतर तासाने, आणि गोळीच्या जागी नाही.


चिपळूणकर_७९

मी पुरुष, आणि माझा उलटा प्रकार, ग्रेव्ह्ज, म्हणजे थायरॉइड जास्त. तोपण ऑटोइम्यूनच, एकाच घरातले दोन भाऊ म्हणा, फक्त इथे अँटीबॉडी ग्रंथी मारत नाही, टीएसएच जिथे चिकटतो तिथे स्वतः चिकटून बसते आणि ग्रंथीला सतत काम करायला लावते. माझ्या आत्याला हाशिमोटो, मला ग्रेव्ह्ज, डॉक्टर म्हणाले एका घरात असं दिसतंच.

२०२१ च्या जुलैच्या पुरात आमचं दुकान माडीपर्यंत बुडालं. चिखल काढण्यात, पंचनामे, बँक यात चार महिने गेले आणि दिवाळीच्या सुमाराला मला कळेना काय होतंय. डबल जेवायचो आणि ११ किलो उतरलो. बायकोने चहा दिला की कप बशीवर किणकिण वाजायचा, लोक बघायचे म्हणून मी बशी घेणंच बंद केलं. उकिडवं बसलो की हाताने जमीन धरल्याशिवाय उठता येईना. गावात कुजबुज की हा पिऊ लागला. आपणच सगळ्यांवर ओरडतोय हे कळायचं पण थांबवता यायचं नाही, मुलगा माझ्यासमोर यायला घाबरायचा, ते सगळ्यात जास्त लागलं. एका रात्री ठोके असे अनियमित झाले की थेट कराडला नेलं, तिथे कळलं हृदयाचे ठोके चुकताहेत आणि कारण थायरॉइड.

अबोली ताई, तुम्ही वडिलांचं विचारलंत. मला डॉक्टरांनी असं सांगितलं की मोठ्या धक्क्यानंतर ग्रेव्ह्ज निघालेले पेशंट दिसतात, अभ्यासांतपण ते आलंय, पण धक्का हा काडी असतो, दारूगोळा आधीपासून आत असतो. हाशिमोटोच्या बाबतीत तेवढंही ठाम दिसलेलं नाही. पूर आमच्या पूर्ण बाजारपेठेत आला, ग्रेव्ह्ज मला झाला. हे ऐकल्यावर माझा जीव हलका झाला, नाहीतर मी ताण घेतला म्हणून झालं असं स्वतःलाच बोल लावत होतो.

मला कार्बिमॅझोल दीड वर्ष दिलं. त्याबरोबर एक कागद दिला होता, ताप आणि घसा दुखला तर गोळी थांबवा आणि त्याच दिवशी पांढऱ्या पेशी मोजा. ज्यांच्या घरात ही गोळी चालू आहे त्यांनी हे भिंतीवर लिहून ठेवा, क्वचित होतं पण जीवावर बेततं. डोळे पुढे यायला लागले होते, त्यावर डॉक्टर पहिलं वाक्य बोलले ते सिगरेट बंद. सिगरेटने ग्रेव्ह्जचे डोळे बिघडतात हे पक्कं माहिती असलेलं आहे. २२ वर्षांची सवय होती, सोडली. गोळी बंद केल्यावर आठ महिन्यांनी आजार परत आला, मग ग्रंथी काढून टाकली आणि आता मीपण रोज तुमच्यासारखी थायरॉक्सिनची गोळी घेतो. मुलगा आता दुकानात माझ्या शेजारी बसतो.

तुम्हाला बाळंतपणानंतर जी धडधड झाली ती वाचून मला वाटलं की ग्रेव्ह्ज तर नव्हता ना, ते कुणी जाणकारांनी सांगावं.


शिकाऊ_एंडो

चिपळूणकरांनी अगदी बरोबर ठिकाणी बोट ठेवलंय. मी याच विषयात, म्हणजे हार्मोनच्या आजारांत, शिकतेय, समोर पेशंट नसताना निदान करणार नाही, पण अबोली, तुझी हकीकत जशी आहे, बाळंतपणानंतर तिसऱ्या महिन्यात थायरॉइड जास्त असल्यासारखं, ते आपोआप थांबलं आणि सात आठ महिन्यांनी कमी, ही आम्ही पुस्तकात वाचतो ती बाळंतपणानंतरच्या थायरॉइडायटिसची, म्हणजे थायरॉइडला येणाऱ्या सुजेची, चाल आहे. गरोदरपणात बाळाला परकं समजून शरीराने हल्ला करू नये म्हणून प्रतिकारशक्ती थोडी नमतं घेते, बाळंत झाल्यावर ती उसळून परत येते. ज्यांच्या रक्तात आधीपासून अँटी टीपीओ असते त्यांची ग्रंथी त्या उसळीत सापडते. पेशी फुटून साठवलेलं हार्मोन एकदम रक्तात येतं, तेव्हा धडधड आणि घाम. साठा संपला आणि ग्रंथी जखमी, म्हणून मग थंडी आणि थकवा. ग्रेव्ह्ज असता तर ते औषधाशिवाय असं थांबून उलट्या बाजूला जाणं सहसा होत नाही, शंका वाटली तर एक वेगळी अँटीबॉडी बघतात.

याचा तुझ्यासाठी अर्थ असा की आयुष्यभर हा शब्द आज पक्का नाही. बऱ्याच जणींची ग्रंथी वर्षभरात सावरते, काहींची नाही सावरत. आत्ता मात्र टीएसएच १४ आहे, टी फोर कमी आहे, तुला त्रास होतोय, त्यामुळे गोळी लागणारच, ती सुरूच ठेव. पाजताना ती चालते, शरीरात जे कमी आहे तेच भरतोय, दुधात जातं ते नगण्य. सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच परत कर, त्याच्या आत करून उपयोग नाही कारण ही गोळी अंगात हळू साठते आणि टीएसएच त्याहून हळू हलतो. पंधरा दिवसांत फरक पडला नाही म्हणून बदलू नकोस. मग साधारण वर्षभराने डॉक्टरांना विचार की डोस कमी करत आणून बघायचा का. स्वतःहून नाही, सुमनमावशींचं वाचलंस ना. आणि बंद झाली तरी दर वर्षी एकदा टीएसएच, कारण ज्यांना हे होऊन गेलं त्यांना पुढे कायमचा होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते.

तिसरं मूल हवं असेल तर आधी टीएसएच नीट आणायचा आणि मगच. दिवस गेल्याचं कळलं त्याच दिवशी डॉक्टरांना फोन, कारण डोस वाढवावा लागतो, पहिले तीन महिने बाळाची स्वतःची ग्रंथी काम करत नसते, त्याचा मेंदू आईच्या हार्मोनवर घडतो. या काळात थायरॉइड कमी राहिला आणि उपचार नसले तर गर्भपात, दिवस पूर्ण भरायच्या आत बाळंतपण असे धोके वाढतात. उपचार असले तर तुझ्यासारख्या असंख्य जणींची बाळं ठणठणीत होतात.

मुलीचं विचारलंस. शक्यता इतर मुलींपेक्षा जास्त, पण होणारच असं मुळीच नाही. तिची अँटी टीपीओ आत्ता करू नकोस, पॉझिटिव्ह आली तरी करायचं काहीच नसतं, नुसती घरभर काळजी. तिची उंची दाराच्या चौकटीवर दर वाढदिवसाला मांडत जा. उंची खुंटली, शाळेत एकदम मागे पडायला लागली, गळा भरल्यासारखा दिसला, तर टीएसएच कर. धाकट्याची जन्मल्यावर टाचेतून रक्त घेऊन थायरॉइडची तपासणी झाली होती का ते डिस्चार्ज कार्डवर बघ, झाली नसेल तर त्याच्या डॉक्टरांना सांग.

एक राहिलं. ऑटोइम्यून आजार जोडीने फिरतात. अशक्तपणा गोळीनेही गेला नाही तर बी १२ बघायचं, प्रतिकारशक्ती जठरावरपण उलटू शकते आणि मग अन्नातलं बी १२ शोषलंच जात नाही. गव्हाने पोट फुगणं आणि जुलाब असतील तर सीलिअॅक, म्हणजे गव्हातल्या ग्लुटेनने आतडं बिघडण्याचा आजार, तो आहे का बघायचं. नुसतं हाशिमोटो आहे म्हणून गहू दूध सगळं बंद करायला सांगणारे व्हिडिओ खूप आहेत, सीलिअॅक नसेल तर पाजत्या बाईने एवढं जेवण तोडायची गरज नाही. वजनाचं पण सांगते, थायरॉइडने चढणारं वजन थोडं, दोनपाच किलो, त्यात पाणीच जास्त, तुझ्या बांगड्या त्यामुळेच अडकल्यात. ते उतरेल. तोवर हात सुजलेला असताना ओढाओढी करू नकोस, काच मनगटात जाईल.

आणि सुमनमावशींनी मन खचण्याबद्दल लिहिलंय ते परत वाच. बाळंतपणानंतरचं नैराश्य आणि थायरॉइड हे दोन्ही एकदम असू शकतात. गोळीने सहा आठवड्यांत मन वर आलं नाही, किंवा कधी स्वतःला किंवा बाळाला काही करावं असं मनात आलं, तर त्याच दिवशी बोल, थांबू नकोस.


अबोली_निफाड

सगळ्यांना काय म्हणू. काल रात्री हे सगळं पहिल्यापासून नवऱ्याला वाचून दाखवलं, मनाचंपण सांगितलं, पहिल्यांदा. तो गप्प ऐकत होता आणि मग म्हणाला पाच वाजता गोळी मी देत जाईन, मला बागेत जायला तसंही उठावं लागतं. आज दिलीपण.

डिस्चार्ज कार्ड शोधलं, टाचेच्या रक्ताची नोंद आहे, नॉर्मल लिहिलंय. आयोडीनचं मीठ परत बरणीत भरलं, जाऊबाईंना पाजणाऱ्या आईला २५० लागतं ते दाखवलं तर म्हणाल्या असं असेल तर मीच भरते. आईला फोन केला, तिने चार वर्षांत टीएसएच केलाच नाहीये, गोळी तीच तेवढीच चालू आहे आणि चहाबरोबर घेते. तिला सोमवारी माझ्याबरोबर नाशिकला नेतेय.

मावशी, तुमची आता नाडी किती असते?


सुमनमावशी_सांगली

आत्ता मोजली, ७२. आईला सोमवारी जाताना सगळ्या गोळ्यांची पिशवी बरोबर घ्यायला सांग, कॅल्शियमसकट.